टायटनच्या धुक्याआडचा भूभाग: कॅसिनीच्या प्रतिमांवर घरच्या संगणकावर करावयाची प्रक्रिया

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी छत्रपती संभाजीनगरमधील उंच गच्चीवरून वायव्येकडे पाहिले, तर देवगिरीचा किल्ला असतो पण दिसत नाही. मोबाइलने घेतलेल्या छायाचित्रात तेथे राखाडी पट्ट्याखेरीज काही नसते. तेच छायाचित्र संगणकावर घेऊन त्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगळे केले, तर निळ्या भागात किल्ला पूर्णपणे हरवलेला असतो, हिरव्यात त्याची चाहूल लागते आणि लाल भागात डोंगराची उतरती कड ओळखू येते. टायटनवर काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हा प्रयोग आधी करायला लावतो. पहिल्या वर्षी मी तो मे महिन्यात करवून घेतला आणि लाल-निळ्यात फारसा फरकच दिसला नाही. उन्हाळ्यातील धुरळ्याचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे ते सर्व रंगांना जवळपास सारखेच अडवतात, तर हिवाळ्यातील धुराचे बारीक कण निळ्याला अधिक आणि लालला कमी अडवतात, हे तेव्हा लक्षात यायला हवे होते. टायटनवरील धुके या दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि म्हणूनच त्याच्या आरपार पाहण्याला वाव आहे.

टायटन हा शनीचा सर्वांत मोठा उपग्रह असून त्याचा व्यास सुमारे ५१५० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहापेक्षा जास्त आहे. त्याच्या वातावरणात मुख्यतः नायट्रोजन आणि काही टक्के मिथेन आहे. पृष्ठभागावरील दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट आणि तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. सूर्यप्रकाशामुळे उंचावरील मिथेनचे तुकडे होऊन जे सेंद्रिय कण तयार होतात, त्यांचा नारिंगी थर संपूर्ण गोलाला वेढून असतो. १२ नोव्हेंबर १९८० रोजी व्हॉयेजर-१ टायटनजवळून गेले तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यांना हा थरच दिसला आणि त्या प्रतिमा निराशाजनक ठरल्या. त्याच प्रतिमांपैकी नारिंगी फिल्टरमधून घेतलेल्या प्रतिमांवर रिचर्डसन, लॉरेन्झ आणि मॅकएवेन यांनी दोन दशकांनंतर पुन्हा प्रक्रिया केली आणि त्यांत पृष्ठभागाच्या अगदी क्षीण खुणा सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. माहिती फायलींत पडूनच होती. ती धुक्यापासून वेगळी काढायची राहिली होती.

९३८ नॅनोमीटरच का

वाढत्या तरंगलांबीबरोबर धुके विरळ भासू लागते, पण तेवढ्याने काम होत नाही, कारण अवरक्त प्रकाशाचे मोठे पट्टे मिथेन शोषून घेतो. या शोषणपट्ट्यांच्या मध्ये ज्या फटी उरतात त्यांना मिथेनच्या खिडक्या म्हणतात. ९४० नॅनोमीटरजवळच्या खिडकीतूनच हबल दुर्बिणीने १९९४ मध्ये टायटनवरचा झॅनाडू हा उजळ प्रदेश टिपला होता. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या कॅमेऱ्यांत याच खिडकीसाठी सीबी-३ नावाचा फिल्टर होता आणि त्याची मध्यवर्ती तरंगलांबी ९३८ नॅनोमीटर होती. याउलट एमटी-१ (६१९ नॅनोमीटर), एमटी-२ (७२७) आणि एमटी-३ (८८९) हे फिल्टर मिथेनच्या शोषणपट्ट्यांवर बसवलेले असल्यामुळे त्यांतून मुख्यतः वातावरणच दिसते.

सीबी-३ प्रतिमेत धुके आणि पृष्ठभाग हे दोन्ही मिसळलेले असतात आणि एमटी प्रतिमेत जवळपास केवळ धुके असते, तेव्हा पहिलीतून दुसरी योग्य प्रमाणात वजा करायची, एवढीच या प्रक्रियेमागची कल्पना आहे. खरी कसरत ‘योग्य प्रमाणात’ या दोन शब्दांत आहे.

प्रतिमा निवडणे

कॅसिनीच्या सर्व मूळ प्रतिमा नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिम या संग्रहात मोफत उपलब्ध आहेत आणि त्या शोधण्यासाठी ‘ओपस’ ही शोधसुविधा सर्वांत सोयीची आहे. तेथे लक्ष्य म्हणून टायटन, उपकरण म्हणून आयएसएसचा (कॅसिनीवरील कॅमेरा-संचाचा) नॅरो अँगल कॅमेरा आणि फिल्टर म्हणून सीबी-३ निवडावा. या कॅमेऱ्याची नाभीय लांबी २००० मिलिमीटर होती आणि त्याचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रोरेडियन कोन व्यापत असे. याचा सोपा हिशेब असा, की १० लाख किलोमीटरवरून घेतलेल्या प्रतिमेत एक पिक्सेल ६ किलोमीटरचा असतो आणि टायटनचा घन गोल सुमारे ८६० पिक्सेल रुंद, म्हणजे १०२४ पिक्सेलच्या चौकटीत नेमका मावेल एवढा दिसतो. नवशिक्याने १० ते १५ लाख किलोमीटर हे अंतर धरावे. फार जवळच्या प्रतिमा आकर्षक वाटतात, पण त्यांत गोलाची कडा चौकटीबाहेर जाते आणि कडा नसली की जुळवणीचा व वजाबाकीचा आधारच निघून जातो.

दुसरी अट कलाकोनाची, म्हणजे सूर्य, टायटन आणि यान यांच्यामधील कोनाची आहे. हा कोन जसा वाढतो तसा धुक्यातून पुढे विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात अधिक शिरतो. हिवाळ्यात उगवत्या सूर्याकडे तोंड करून शेताकडे पाहिले की धुई पांढरीशुभ्र दिसते आणि पाठ फिरवली की तीच विरळ वाटते, तसाच हा प्रकार आहे. ६० अंशांच्या आतील कलाकोन निवडावा आणि पहिल्या प्रयत्नाला ३० अंशांखालील मिळाला तर उत्तम.

आपल्यासमोर टायटनची कोणती बाजू आहे हेही आधीच पाहून ठेवावे. झॅनाडू सुमारे १०० अंश पश्चिम रेखांशावर, शांग्री-ला हा गडद प्रदेश १६५ अंशांजवळ, उजळ आदिरी २१० अंशांजवळ, बेलेत २५५ अंशांजवळ आणि सेन्क्यो ३२० अंशांजवळ येतो. माझा सल्ला असा, की पहिली प्रतिमा झॅनाडू आणि शांग्री-ला यांच्या सीमेवरचीच घ्यावी. तेथील उजळ-गडद फरक इतका ठळक आहे, की प्रक्रिया चुकली तरी काहीतरी दिसते आणि उत्साह टिकतो. उत्तर ध्रुवाजवळील क्रॅकन समुद्र पाहायचा असेल, तर ऑगस्ट २००९ च्या विषुवदिनानंतरच्या, त्यातही मोहिमेच्या शेवटच्या काही वर्षांतील प्रतिमाच उपयोगी पडतात, कारण त्याआधी तो भाग ध्रुवीय हिवाळ्याच्या अंधारात होता.

एकाच निरीक्षणातील, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या किमान तीन-चार सीबी-३ प्रतिमा आणि त्यांच्या आगेमागे घेतलेली निदान एक एमटी-१ प्रतिमा असा संच मिळायला हवा. काही संचांत सीबी-३ बरोबर आयआरपी-० हा अवरक्त ध्रुवक लावलेला आढळतो. धुक्यातून विखुरलेला प्रकाश विशिष्ट कोनांत ध्रुवित होत असल्यामुळे हा ध्रुवक त्यातील काही भाग कॅमेऱ्याच्या दारातच अडवतो. असा संच मिळाल्यास तो अवश्य घ्यावा, मात्र ध्रुवक असलेल्या आणि नसलेल्या प्रतिमा एकाच थप्पीत, म्हणजे एकमेकींवर ठेवून सरासरी काढायच्या गटात, मिसळू नयेत.

फाइल उघडताना होणारी पहिली चूक

फाइलच्या नावातील पहिले अक्षर एन असेल तर कॅमेरा नॅरो अँगल आणि डब्ल्यू असेल तर वाइड अँगल. त्यापुढील दहा आकडे म्हणजे यानाच्या घड्याळातील सेकंद. सोबतच्या लेबल फाइलमध्ये फिल्टरची जोडी, मिलिसेकंदांतील एक्स्पोजर, पिक्सेल एकत्र करण्याची पद्धत आणि गहाळ ओळींची संख्या दिलेली असते. हे सर्व आधी वहीत उतरवून घ्यावे. गहाळ ओळी असलेली प्रतिमा बाजूला ठेवावी. ती पुढे भरून काढण्याचा मोह महागात पडतो.

मूळ फाइल व्हायकार या स्वरूपात असते आणि पूर्ण आकाराच्या प्रतिमेत प्रत्येक ओळीच्या आरंभी २४ बाइटची जास्तीची माहिती असते. एक ओळ १०२४ बाइटची आहे असे गृहीत धरून पायथनमध्ये थेट वाचली, तर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाऊन टायटन तिरका ताणलेला दिसतो. जीडॅलसारखी ग्रंथिका हे आपोआप सांभाळते. ज्यांना आज्ञावली लिहायची नाही त्यांच्यासाठी ब्यॉर्न यॉन्सन यांची आयएमजी-टू-पीएनजी ही छोटी प्रणाली आहे, परंतु तिच्यातून प्रतिमा बाहेर काढताना १६ बिटची निवड करावी. ८ बिटमध्ये जतन केलेल्या प्रतिमेत २५६ पायऱ्याच असतात आणि आपल्याला हवा असलेला पृष्ठभागाचा सगळा खेळ त्यांतल्या मोजक्या पायऱ्यांत उरकतो. वजाबाकीनंतर तेथे भूभागाऐवजी नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात.

अंशांकन

पृथ्वीकडे पाठवण्यापूर्वी यानावर अनेकदा १२ बिटच्या मूल्यांचे एका कोष्टकानुसार ८ बिटमध्ये रूपांतर केले जाई. ते कोष्टक वर्गमुळाच्या धर्तीवर असल्यामुळे प्रतिमेतील आकडा दुप्पट म्हणजे प्रकाश दुप्पट, असे समीकरण तेथे लागू होत नाही. वजाबाकीसाठी मात्र ते लागू असलेच पाहिजे. म्हणून हे कोष्टक उलटवणे, बायस आणि डार्क (प्रकाश नसतानाही कॅमेरा नोंदवतो ती मूल्ये) वजा करणे, फ्लॅट फील्डने (पिक्सेलांच्या कमी-अधिक संवेदनशीलतेच्या नोंदीने) भागणे आणि एक्स्पोजरने भागून परावर्तनाच्या एककात आणणे या अंशांकनाच्या पायऱ्या टाळता येत नाहीत. त्यासाठी मोहिमेच्या चमूने सिसकॅल ही प्रणाली तयार केली होती आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आयसिस या मोफत प्रणालीतही तीच कामे करणारी आज्ञा आहे. आयसिस लिनक्सवर बसवायला एक पूर्ण रविवार आणि बऱ्यापैकी इंटरनेट लागते. गावाकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसेल तर त्या उद्योगात न पडता ओपसवर मिळणाऱ्या, अंशांकन झालेल्या प्रतिमाच उतरवून घ्याव्यात. त्यात कमीपणा काही नाही.

अंशांकनानंतरही दोन दोष उरतात. पहिला म्हणजे आडव्या फिकट पट्ट्यांचा गोंगाट. प्रत्येक ओळीत टायटनच्या बाहेरचे काळे आकाश जेथे असेल, तेथील मूल्यांचा मध्यक काढून तो त्या ओळीतून वजा केला, की हा गोंगाट बराच शमतो. यासाठीही कडेबाहेरचे आकाश चौकटीत असणे गरजेचे आहे, मात्र ते धुक्याच्या प्रभावळीपासून पुरेसे दूर घ्यावे. दुसरा दोष कॅमेऱ्याच्या प्रकाशमार्गावर बसलेल्या धूलिकणांमुळे पडणाऱ्या कंकणाकृती डागांचा आहे आणि त्याच्याविषयी पुढे सांगतो, कारण त्याने मला चांगलेच फसवले आहे.

जुळवणी आणि थप्पी

टायटन स्वतःभोवती १५.९५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. विषुववृत्ताचा घेर सुमारे १६,१८० किलोमीटर धरला, तर तेथील जमीन तासाला सुमारे ४२ किलोमीटर सरकते. १० लाख किलोमीटरवरून हे तासाला सात पिक्सेल आणि पाच मिनिटांत जेमतेम अर्धा पिक्सेल होतात. यान स्वतःही हलत असल्यामुळे प्रत्यक्ष सरकणे थोडे कमी-जास्त असते. तात्पर्य, दहा मिनिटांच्या आतील प्रतिमा नुसत्या सरकवून एकमेकींवर बसवता येतात, परंतु तासाभराच्या अंतराच्या प्रतिमा आधी नकाशा-प्रक्षेपात नेल्याशिवाय जुळवू नयेत.

जुळवणी गोलाच्या कडेवरून करू नये. टायटनची कडा चंद्रासारखी रेखीव नसून ती धुक्यात विरत जाते, आणि एका बाजूने प्रकाश पडल्यामुळे तिचा काढलेला मध्यबिंदू उजेडाच्या दिशेला झुकतो. त्याऐवजी प्रत्येक सीबी-३ प्रतिमेतून तिचीच २० पिक्सेलने पुसट केलेली प्रत वजा करावी आणि उरलेल्या अस्पष्ट नक्षीवर, गोलाच्या मधल्या दोन-तृतीयांश भागापुरतेच, फेज कोरिलेशन, म्हणजे दोन प्रतिमांतील सरकणे मोजणारी गणिती पद्धत, चालवावे. पायथनमधील स्किट-इमेज ग्रंथिकेत यासाठी तयार फलन आहे आणि ते पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत सरकणे सांगते. येथे फलनाचे उत्तर डोळे झाकून स्वीकारू नये. दोन लागोपाठच्या प्रतिमांत १५ पिक्सेल आणि पुढच्या दोनांत उलट दिशेला १२ पिक्सेल असे काही आले, तर जुळवणी टायटनवर न होता कॅमेऱ्याच्या डागांवर झाली असण्याची शक्यता जास्त.

एमटी-१ प्रतिमेत जुळवण्यासारखी नक्षीच नसते. तिला प्रतिमेच्या वेळेवरून आणि यानाच्या स्थानाच्या माहितीवरून बसवणे उत्तम. ते जमत नसेल तर दोन्ही प्रतिमांच्या उजेडाकडील कडेबाहेरच्या प्रभावळीवरून बसवावी. ही प्रतिमा आपण पुढे पुसट करूनच वापरणार असल्यामुळे गोलाच्या मध्यभागी एखाद-दुसऱ्या पिक्सेलची चूक खपून जाते, कडेजवळ मात्र ती चंद्रकोरीच्या आकाराची खोटी उजळ किनार निर्माण करते.

जुळवलेल्या प्रतिमांची थप्पी करताना प्रतिमा पाचपेक्षा जास्त असतील तर मध्यक घ्यावा, कमी असतील तर ठळक वैश्विक किरणांचे ठिपके हाताने झाकून सरासरी घ्यावी. चार प्रतिमांच्या सरासरीने गोंगाट निम्मा होतो आणि नऊ प्रतिमांनी एक-तृतीयांश. चारच्या सोळा केल्या तर तो पुन्हा निम्मा होतो, पण एका संचात इतक्या प्रतिमा क्वचितच मिळतात.

धुके वजा करणे

येथे थोडे सावकाश जाऊ. समजण्यापुरते काही कल्पित आकडे घेऊ. गोलाच्या मध्यभागी सीबी-३ चे मूल्य ०.२०० आहे आणि तेथील उजळ व गडद जमिनीतील फरक ०.०१० आहे. म्हणजे मूळ प्रतिमेत हा फरक पाच टक्के आहे. एमटी-१ चे मूल्य तेथेच ०.१२० आहे आणि त्याला १.२ ने गुणून वजा करायचे ठरवले, तर ०.१४४ गेले आणि ०.०५६ उरले. जमिनीतील फरक ०.०१० तेवढाच राहिला, पण आता तो उरलेल्याच्या अठरा टक्के झाला. जमिनीबद्दलची माहिती तिळभरही वाढलेली नाही. तिच्यावरचे ओझे उतरले आहे. गोंगाटही होता तेवढाच राहिला आहे आणि उजेड वाढवताना तोही जमिनीबरोबरच उठून दिसणार आहे. थप्पी करताना आळस केलेला असेल, तर त्याची वसुली येथे होते.

एमटी-१ प्रतिमा वापरण्यापूर्वी ती ६ ते १० पिक्सेल त्रिज्येच्या गॉसियन फलनाने पुसट करावी. याची कारणे दोन आहेत. एकाच प्रतिमेतील गोंगाट सीबी-३ च्या निवळलेल्या थप्पीत शिरू नये, हे पहिले. दुसरे असे, की ६१९ नॅनोमीटरलाही पृष्ठभागाचा अल्पसा अंश झिरपत असू शकतो. व्हॉयेजरच्या नारिंगी प्रतिमांनी याच्या जवळच्याच तरंगलांबीला हे दाखवून दिले आहे. न पुसता वजाबाकी केली, तर बारीक नक्षी थोडीशी स्वतःतूनच वजा होते. एमटी-३ मध्ये पृष्ठभागाचा अंश नसतो हे खरे, परंतु ८८९ नॅनोमीटरचे शोषण इतके तीव्र आहे, की त्यात धुक्याचा वरचा भागच दिसतो आणि त्याचे उजळपणाचे वळण सीबी-३ शी नीट जुळत नाही. दोन्ही वापरून पाहिल्यानंतर माझे मत एमटी-१ च्या बाजूने पडले आहे.

गुणक ठरवण्याची सुरुवात कडेबाहेरून करावी. घन गोलाच्या कडेपासून २० ते ३५ पिक्सेल बाहेर, म्हणजे १० लाख किलोमीटरवरील प्रतिमेत सुमारे १२० ते २१० किलोमीटर उंचीवर, केवळ धुके असते. त्या पट्ट्यातील उजेडाच्या बाजूचा सीबी-३ व एमटी-१ यांचा भागाकार हा गुणकाचा पहिला अंदाज होय. हा अंदाज अंतिम मानता येत नाही, कारण उंचावरचे विरळ धुके आणि जमिनीपर्यंतचा संपूर्ण स्तंभ यांची वागणूक वेगवेगळी असते. म्हणून या अंदाजाच्या दोन्ही बाजूंना ०.०५ च्या पायऱ्यांनी सात-आठ गुणक वापरून तितक्या प्रतिमा काढाव्यात आणि शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. गुणक कमी असेल तर प्रतिमेवर दुधाळ साय राहते. तो जास्त झाला, की गडद प्रदेश शून्याखाली जातात आणि गोल मध्यभागी उजळ न राहता ध्रुवांकडे विचित्र काळवंडतो. उरलेली प्रतिमा आणि एमटी-१ यांच्यातील सहसंबंध शून्य होईल तो गुणक निवडावा, अशी सूचना हुशार विद्यार्थी हमखास करतात. ती दिसायला निर्दोष असली तरी जमिनीवरचा सूर्यप्रकाशही कडेकडे मंदावतो, त्यामुळे योग्य उत्तरातही थोडा सहसंबंध उरायलाच हवा. मी गुणक त्या शून्याच्या किंचित अलीकडेच ठेवतो.

काही जण वजाबाकीऐवजी सीबी-३ ला एमटी-१ ने सरळ भागतात. त्यामुळे कडेकडचा काळोख एका फटक्यात सपाट होतो आणि पाहायला प्रतिमा नीटस होते, मात्र धुक्याचा बेरजेने मिसळलेला प्रकाश त्यात तसाच राहतो आणि उजळपणाच्या मोजमापाला अर्थ उरत नाही. केवळ सीमारेषा पाहायच्या असतील तर भागाकार चालेल.

कडेकडचा काळोख आणि झॅनाडूचा बळी

वजाबाकीनंतर राहिलेला मध्यापासून कडेपर्यंतचा उतार काढण्यासाठी मिनार्टचे सूत्र वापरतात, ज्यात सूर्यकिरणांचा आणि दृष्टीचा उभ्या रेषेशी असलेला कोन यांच्या कोसाइनला ठरावीक घात दिलेले असतात. हे कोन आयसिसमधून प्रत्येक पिक्सेलसाठी मिळतात. आयसिस नसेल तर गोलावर दुसऱ्या घाताची बहुपदी बसवून तिने भागावे. दुसऱ्या घातावरच थांबावे, याचा आग्रह धरण्यामागे अनुभव आहे. झॅनाडू सुमारे ३४०० किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या प्रतिमेत ५५० पिक्सेलहून मोठा आहे. पाचव्या-सहाव्या घाताची बहुपदी त्यालाच उजेडाचा उतार समजते आणि भागाकारानंतर एका खंडाएवढा प्रदेश प्रतिमेतून नाहीसा होतो. दृष्टीचा कोन ६० अंशांपलीकडे गेलेला कडेचा पट्टा यानंतर झाकून टाकावा. तेथे धुक्याचा तिरपा मार्ग दुपटीहून लांब असतो आणि जे दिसते त्यावर विसंबता येत नाही.

धार आणणे

धुके प्रकाश अडवते तसेच तो फिस्कटतेही. गडद वाळूच्या प्रदेशावरील पिक्सेलमध्ये शेजारच्या उजळ डोंगराळ भागाचा प्रकाश विखुरून आलेला असतो. हा फिस्कटलेपणा दूरवर पसरणारा असल्यामुळे आधी मोठ्या त्रिज्येचे, ३० ते ५० पिक्सेलचे अनशार्प मास्क (पुसट प्रतीच्या आधारे कडा उठवणारी प्रक्रिया) मध्यम प्रमाणात लावावे आणि त्याचा निकाल मूळ प्रतिमेत अर्धा मिसळावा. पूर्ण लावल्यास पुन्हा झॅनाडूचीच पंचाईत होते: कडा उजळतात आणि मधला भाग शांग्री-लाइतकाच राखाडी होतो. त्यानंतर बारीक तपशिलासाठी रिचर्डसन-लूसी पद्धतीचे डीकॉन्व्होल्यूशन (पुसटपणा गणिताने उलटवणे) दीड-दोन पिक्सेल रुंदीच्या गॉसियनसह पाच ते दहा फेऱ्या चालवावे. या नावातील रिचर्डसन आणि व्हॉयेजरच्या प्रतिमांवर काम करणारे रिचर्डसन या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. दहा फेऱ्यांनंतर प्रतिमा अधिक ‘स्पष्ट’ होताना दिसू लागली, तर गोंगाटाचे दाणे खडकांचे सोंग घेऊ लागले आहेत असे समजून थांबावे. झाकलेल्या कडेमुळे लाटा उठू नयेत यासाठी डीकॉन्व्होल्यूशनपूर्वी झाकलेला भाग काळा न ठेवता आतील सरासरी मूल्याने भरावा.

दिसलेले खरे आहे का

तीन वर्षांपूर्वी शांग्री-लाच्या गडद पट्ट्यात मला एक सुबक वर्तुळ सापडले. उजळ किनार, गडद तळ, सुमारे दीडशे किलोमीटर व्यास. मी ते वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवून विवरांच्या निर्मितीवर अर्धा तास बोललो. हिंगोलीकडचा एक विद्यार्थी मागच्या बाकावर दुसऱ्या निरीक्षणाच्या प्रतिमा चाळत होता. तो म्हणाला, “सर, त्या फोटोत टायटनची दुसरी बाजू आहे, पण हा खड्डा तिथंच आहे की.” पिक्सेलचे सहनिर्देशक ताडून पाहिले तेव्हा दोन्ही वर्तुळे चौकटीत एकाच जागी निघाली. ते विवर टायटनवर नव्हतेच, कॅमेऱ्यातील धूलिकणाची ती सावली होती.

तेव्हापासून मी एक उपाय न चुकता करतो. थप्पी करण्यापूर्वी, म्हणजे प्रतिमा न सरकवता, वेगवेगळ्या निरीक्षणांतील दहा-बारा सीबी-३ प्रतिमांतून त्यांचीच पुसट प्रत वजा करून उरलेल्यांचा मध्यक काढतो. टायटनची नक्षी प्रत्येक प्रतिमेत वेगळ्या जागी असल्यामुळे ती मध्यकात विरते आणि कॅमेऱ्याचे डाग राहतात. ही डागांची प्रतिमा प्रत्येक मूळ प्रतिमेतून काढून टाकली, की कंकणे जवळपास जातात. मूळ प्रतिमा घेताना चौकट थोडी थोडी हललेली असेल तर थप्पीतही ती आणखी पातळ होतात, म्हणून अगदी एकाच जागी रोखून घेतलेल्या प्रतिमांपेक्षा किंचित हललेल्या प्रतिमा मला अधिक आवडतात.

दुसरी कसोटी अर्ध्या थप्पीची. आठ प्रतिमा असतील तर चार-चारचे दोन गट करून संपूर्ण प्रक्रिया दोनदा स्वतंत्रपणे करावी आणि जी खूण दोन्हींत दिसेल तीच ठेवावी. तिसरी कसोटी वेळेची. टायटनवर मिथेनचे ढग असतात, ते सीबी-३ मध्येही उजळ दिसतात आणि सराव नसलेल्या डोळ्याला डोंगर वाटतात. काही तासांनी किंवा पुढच्या भेटीत तो ठिपका हललेला वा नाहीसा झालेला असेल, तर तो ढग. शेवटची पडताळणी ९३८ नॅनोमीटरमध्येच तयार झालेल्या, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने उपलब्ध करून दिलेल्या टायटनच्या नकाशाशी करावी. कॅसिनीच्या रडारचे पट्टे याहून निर्णायक असतात, कारण रेडिओ लहरींना हे धुके जवळपास नसल्यासारखेच असते. पण रडारमधील उजळपणा पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर बराच अवलंबून असल्यामुळे तेथील उजळ-गडद आपल्या उजळ-गडदाशी प्रत्येक ठिकाणी जुळेलच असे नाही. सुमारे ४०० किलोमीटर व्यासाचे मेनर्वा विवर आणि ८० किलोमीटरच्या आसपासचे सिनलॅप ही दोन ठिकाणे ताडून पाहायला चांगली आहेत. आपल्या प्रतिमेत मेनर्वा सहज ओळखू यावे. सिनलॅप जेमतेम तेरा पिक्सेलचे असल्याने ते दिसले, तर प्रक्रिया चांगली झाली असे म्हणता येईल.

नकाशाशी ताडतानाच प्रतिमा आरशातली तर नाही ना, हेही पाहून घ्यावे. प्रणाली बदलली की ओळींचा क्रम खालून वर होऊ शकतो, आणि उलटा झालेला शांग्री-लाही पाहणाऱ्याला तितकाच खरा वाटतो.

जतन करताना मूळ, वजाबाकीनंतरची आणि धार आणल्यानंतरची अशा तिन्ही प्रतिमा १६ बिटच्या टिफमध्ये ठेवाव्यात आणि सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मूळ फायलींची नावे, गुणक, पुसट करण्याच्या त्रिज्या आणि फेऱ्यांची संख्या लिहावी. प्रतिमा इतरांना दाखवताना उत्तर दिशा वर करून, किलोमीटरची पट्टी टाकून आणि नासा, जेपीएल व स्पेस सायन्स इन्स्टिट्यूट यांचा उल्लेख करून द्यावी. नारिंगी रंग भरण्याचा आग्रह मुले नेहमी करतात. ९३८ नॅनोमीटरला डोळ्यांच्या दृष्टीने रंग नसतो, तेव्हा प्रतिमा करड्या रंगातच ठेवावी. रंग भरायचाच असेल, तर तो वेगळ्या प्रतीत भरून तसे स्पष्ट लिहावे.

पहिला संच जमल्यावर दुसऱ्यासाठी सेल्क विवराचा परिसर निवडावा. सुमारे १९९ अंश पश्चिम रेखांशावरचे हे विवर शांग्री-ला आणि आदिरी यांच्या सीमेजवळ, विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेला आहे आणि नासाचे ड्रॅगनफ्लाय हे उडते यान त्याच भागात उतरवण्याची योजना आहे. २०२८ मध्ये निघून ते २०३४ मध्ये तेथे पोहोचणे अपेक्षित आहे. तोपर्यंत त्या वाळूच्या प्रदेशाची आपली स्वतःची एक प्रतिमा तयार करून ठेवायला पुरेसे रविवार हाताशी आहेत.